काकांची काळी बिअर

खोली बघायला गेले तेव्हा घरमालकांनी मला नाव, गाव, नोकरी यातलं काहीही विचारलं नाही. उस्मानपुऱ्यात त्याआधी मी ज्या खोल्या पाहिल्या होत्या, तिथं पहिला प्रश्न आडनावाचा आणि दुसरा मटणाचा असायचा. हे गृहस्थ मात्र आत गेले, चहाच्या कपात मूठभर भाजलेलं धान्य घेऊन आले आणि कप माझ्या नाकाखाली धरला.

"कशाचा वास यायलाय?"

मी विमा कंपनीत नोकरीला होते. दिवसभर लोकांच्या अपघातांचे कागद वाचून डोकं विटलेलं असायचं, आणि खोली मला त्याच आठवड्यात हवी होती. मी इमानेइतबारे वास घेतला आणि सांगितलं, भाजक्या शेंगदाण्यांचा, आणि मागून थोडा करपलेल्या भाकरीचा. गृहस्थ खूश झाले. आतल्या बाजूला तोंड करून त्यांनी जाहीर केलं की खोली यांनाच द्यायची. आतून बायकोचा आवाज आला की आधी त्यांना बसायला तरी सांगा.

पुढं मी त्यांना काका आणि त्यांच्या बायकोला काकू म्हणायला लागले, म्हणून इथंही तेच म्हणते. काका चिकलठाण्याच्या एका बिअरच्या कारखान्यात प्रयोगशाळेत होते. निवृत्त झाल्यावर कारखाना सुटला, बिअर सुटली नाही. आमच्या शहराची तऱ्हाच अशी, की नळाला पाणी कधी येईल ते सांगता येत नाही आणि बिअर मात्र इथून देशभर जाते. त्याच नळाच्या पाण्यातून, गच्चीवरच्या पत्र्याच्या खोलीत, काकांनी स्वतःची वेगळी बिअर काढायचं मनावर घेतलं होतं. कायद्यात हा उद्योग कुठं बसतो हे मी कधी विचारलं नाही. त्यांनी कधी एक बाटली विकली नाही. पाहुण्याला देतानासुद्धा त्यांचा हात आखडायचा.

बिअर होते माल्टची, आणि माल्ट म्हणजे मोड आणून वाळवलेला जव. साधा माल्ट काका घरीच करायचे. जुन्या मोंढ्यातून जव आणायचा, भिजवायचा, ओल्या गोणपाटावर पसरून मोड आणायचे आणि गच्चीवर वाळवायचा. त्यामुळं गच्चीवरच्या दोरीवर कपडे घालायची मला सक्त मनाई होती. साबणाचा वास धान्याला लागतो, असं त्यांचं म्हणणं. मी खिडकीच्या गजांना कपडे वाळवायचे आणि पावसाळ्यात तेच कुबट कपडे घालून ऑफिसला जायचे. तिथं कुणी लांब बसलं की मनातल्या मनात काकांच्या नावानं बोटं मोडायचे.

खरी अडचण पुढं होती. काकांना हवी होती काळी बिअर, आणि तिला खास माल्ट लागतात. एक कॉफीसारखा काळा भाजलेला, एक आतली साखर जळेल इतपत खरपूस केलेला, एक धुरावर वाळवलेला. ते यायचे परदेशातून, पोत्यांनी यायचे आणि कारखान्यांना यायचे. पातेलंभर बिअर करणाऱ्या म्हाताऱ्याला ते कोण देणार? मग काकांनी पर्याय शोधायला घेतले, आणि पर्याय शोधणं हाच त्यांचा स्वभाव होऊन बसला.

"वस्तूचं नाव नका सांगू, तिचं काम काय ते सांगा," हे त्यांचं ठरलेलं वाक्य. काम कळलं की ते करणारी दुसरी वस्तू घरातच सापडते, अशी त्यांची श्रद्धा होती. पडद्याच्या कड्या तुटल्या तेव्हा त्यांनी काकूंच्या जुन्या बांगड्या लावल्या. मोरीची जाळी गेली तिथं चहाची गाळणी बसवली आणि चहा रुमालातून गाळला. एकदा घरातलं जिरं संपलं तेव्हा त्यांनी काकूंना विचारलं की आमटीत जिऱ्याचं काम नेमकं काय. काकू म्हणाल्या, दुकानातून आणायचं.

काळ्या माल्टच्या जागी त्यांनी मोडाची ज्वारी भाजून पाहिली. ती चांगली जमली, आणि तिच्यावर त्यांचा एवढा जीव बसला की आल्यागेल्याला चिमूटभर चघळायला द्यायचे. एका माल्टला म्हणे बिस्किटाचा वास असतो. त्याच्या जागी त्यांनी टोस्ट चुरून घातले. टोस्ट बरे निघाले म्हणून पुढच्या खेपेला खारी घातली, आणि खारीतल्या तुपानं बिअरवरचा फेस असा खाली बसला की ग्लासात ताकच ओतलंय असं वाटावं. नाचणीचं सत्त्व आणायला औषधाच्या दुकानात गेले तेव्हा दुकानदारानं नातू झाल्याबद्दल अभिनंदन केलं. काकांनी ते स्वीकारलं, आणि पुढं वर्षभर तो दुकानदार बाळाला दात आले का, बाळ बसतं का, असं विचारत राहिला. काका त्याला दर वेळी चांगली बातमी द्यायचे. त्यांना मूलबाळ नव्हतं, आणि या बाळाची प्रगती ते घरी येऊन काकूंना सांगायचे तेव्हा दोघं पोट धरून हसायची.

धुराच्या माल्टची हकिगत आणखी वेगळी. काकूंचं माहेर लासूर स्टेशनचं. थंडीत तिथं मळ्यात हुरडा असायचा. बाकीचे लोक हुरडा खायला जायचे, काका पिशवीत ओला माल्ट घेऊन जायचे. आगटीवर जाळी ठेवून त्यांनी तो धुरावर वाळवला आणि मेहुण्यांनी कणसं भाजायला जागा मागितली तर त्यांच्यावर डोळे वटारले. ती बिअर तयार झाल्यावर त्यांनी मला चाखायला दिली. (मी चाखते हे काकूंना माहीत नाही, असं आम्ही तिघंही धरून चाललो होतो.) आगटी गोवऱ्यांची होती, आणि बिअरही गोवऱ्यांचीच झाली होती. काकांनी ती तरीही आठवडाभर प्यायली, टाकवत नव्हती म्हणून. काकू त्या दिवसांत त्यांना जेवायला वाढायच्या ते पदर नाकाला लावून.

भाजायची खरी जागा होती रशीदभाईंची भट्टी. रशीदभाई नान लावायचे. आमच्याकडं मटणाच्या कलियाबरोबर खातात ते, गूळ-हळदीच्या पिवळ्या पाण्याचा हात फिरवलेले नान. सकाळचा माल निघाला की उतरत्या भट्टीत काकांचे ट्रे जायचे. रशीदभाई पाच वेळा नमाज पढणारे. काकांनी पहिल्याच दिवशी त्यांना सगळं खरं सांगायला सुरुवात केली, तेव्हा त्यांनी हात वर करून थांबवलं होतं.

"जव भूनने कू क्या गुनाह है, साब? आगे का मेरे कू नक्को बताव."

त्यानंतर दोघांत बिअर हा शब्द कधी आला नाही. रशीदभाई विचारायचे, "जव कैसा निकला?" काका म्हणायचे, करपला, किंवा बरा निघाला, किंवा खारीनं घात केला. रशीदभाई मान हलवायचे आणि जवाच्या प्रकृतीबद्दल काळजी व्यक्त करायचे.

आता हे सगळं कशासाठी, ते मला काकांनी बऱ्याच उशिरा सांगितलं. कारखाना नवा होता तेव्हा यंत्रं बसवायला परदेशातून एक साहेब आला होता, मोठा बिअर करणारा. काका तेव्हा नवे नवे लागलेले, गंगापूरकडच्या खेड्यातनं आलेला रसायनशास्त्राचा पदवीधर. साहेबाला सुट्टीच्या दिवशी वेरूळ दाखवायचं काम त्यांच्याकडं आलं, आणि त्यात दोघांचं जमलं. परत जायच्या आधी साहेबानं सामानातून आणलेल्या खास माल्टची एक छोटी काळी बिअर केली, फक्त प्रयोगशाळेतल्या लोकांसाठी. ती काकांच्या आयुष्यातली पहिली बिअर. साहेबानं निरोपाची मिठी मारली ती हातातल्या ग्लाससकट, आणि निम्मी बिअर काकांच्या सदऱ्यावर सांडली. तशी बिअर पुन्हा कारखान्यात झाली नाही आणि साहेबही पुन्हा आला नाही. काका ती चव, त्याहून जास्त तो वास, तेव्हापासून शोधत होते. मरायच्या आधी एकदा तीच बिअर आपल्या हातानं करायची, एवढं एकच त्यांना हवं होतं. हे त्यांनी सांगितलं तेव्हा मी पहिल्यांदा कुबट कपड्यांबद्दल त्यांना माफ केलं.

मग कोरोना आला. काका-काकू दोघं आजारी पडली, आठ-पंधरा दिवसांत उठलीही. सगळे म्हणाले, थोडक्यात निभावलं. पण त्यानंतर काकांनी एकदा मला ग्लास दिला आणि माझ्या तोंडाकडं बघत उभे राहिले. नेहमी ते आधी स्वतः वास घेऊन भाषण द्यायचे आणि मग ग्लास द्यायचे. मी घोट घेतला. शुद्ध सिरका होता. एवढी आंबलेली वस्तू या माणसाच्या नाकाखालून गेलीच कशी, असं मला वाटलं, आणि लगेच कळलं कशी गेली ते.

"कितींदा तपासून पाह्यलं," काका म्हणाले. "हिंग घेतलं, घासलेट घेतलं. काहीच यायलं नाय."

वाट बघितली, डॉक्टर झाले, कुणी काय कुणी काय हुंगायला सांगितलं. नाक परत आलं नाही. काकांनी जव आणणं बंद केलं. एके दिवशी ते माझ्या दारात आले आणि म्हणाले की मॅडम, गच्चीची दोरी मोकळी हाय, कपडे घालत जा. इतकी वर्षं जे मागत होते ते मिळालं. मी वर गेले, कोरड्या स्वच्छ गच्चीवर माझे पंजाबी ड्रेस वाळत घातले, आणि ते तिथं मला अजिबात बघवेनात.

काकूंनाही बघवत नव्हतं, पण त्या बोलत नव्हत्या. बोलायचं निमित्त भंगारवाल्यानं दिलं. काकांनी त्याला पत्र्याच्या खोलीतली पातेली दाखवायला बोलावलं होतं. मी ऑफिसला निघालेली, काकू पायरीवर मेथी निवडत बसलेल्या. मी काकांना म्हटलं की पातेली कशाला देता, मी आहे की वास घ्यायला. काका म्हणाले, तुमचं नाक चांगलं हाय, पण त्याला तो वास कुठं माहितीय? आपण बरोबर केली का चूक, हे सांगणारा साहेब गेला, आणि दुसरा मी, तो हा असा.

"सगळ्याला पर्याय घावला, मॅडम. साक्षीदाराला कुठून आणावं?"

"मला माहितीय की तो वास," काकू मेथीतून मान वर न करता म्हणाल्या.

त्यानंतर जे बाहेर आलं ते असं. साहेबानं मिठी मारली त्या रात्री काका घरी आले ते सदरा भिजवून. लग्नाला जेमतेम वर्ष झालेलं, आणि दारू हा शब्दसुद्धा त्या घरात नव्हता. काकूंनी भांडण केलं नाही. सदरा वर्तमानपत्रात गुंडाळला आणि पहाटेच्या गाडीनं पुराव्यासकट लासूरला माहेरी गेल्या. तिथं वडिलांपासून चुलत्यापर्यंत सगळ्यांनी तो सदरा हुंगला. वडील म्हणाले, ही कसली दारू, हा तर मनुके घालून आटवलेल्या काकवीचा वास. आणि लेकीला परत पाठवून दिलं. काकू आल्या, पण सदरा बरेच दिवस धुतला नाही. राग कमी व्हायला लागला की काढायच्या आणि हुंगायच्या.

काका तोंड उघडं टाकून ऐकत होते. एवढी वर्षं वर पातेली चढत होती आणि खाली स्वैपाकघरात साक्षीदार बसला होता. तू आधी का नाही बोललीस, असं त्यांनी विचारलं.

"मला कुणी इचारलं?" काकू म्हणाल्या. "तुमी करायचात अन् मी म्हणायची, ह्यो नाय त्यो. पण मनातल्या मनात."

भंगारवाला चहा पिऊन रिकाम्या हातानं गेला. दुसऱ्या दिवसापासून माझे कपडे पुन्हा खिडकीच्या गजांवर आले.

मग सुरू झाला काकूंचा अंमल. काका भाजून आणायचे, बिअर करायचे आणि काकू ती हुंगून नापास करायच्या. एकीला म्हणाल्या, कुळथाचं माडगं. एकीला म्हणाल्या, पावसात भिजलेल्या घोंगडीचा वास यायलाय. ज्या ज्वारीवर काकांचा जीव होता, तिच्याबद्दल म्हणाल्या की तिच्यात चूक नाही, पण ती एकटीच बोलते, मनुका कुठं हाय? काकांनी उकळत्या रसात मनुके टाकले, गूळ टाकला. गुळाची सगळी गोडी आंबताना उडून गेली आणि मागं काही राहिलं नाही. काका पुन्हा खंगल्यासारखे दिसायला लागले. आता त्यांना घाई झाली होती. काकूंचं नाक आजारातून वाचलं होतं, पण त्यांचंही वय होत होतं, आणि एकदा गेलेलं नाक परत येत नाही हे त्यांनी स्वतःवरून पाहिलं होतं. काकू नुसत्या शिंकल्या तरी ते वाफारा घेऊन धावायचे.

अशात रशीदभाई एका दुपारी स्वतः ट्रे घेऊन घरी आले. ते कधीच घरी यायचे नाहीत. कुठल्या खोलीत काय दिसेल याची त्यांना धास्ती असायची. चेहरा उतरलेला. झालं होतं असं, की लग्नाची मोठी ऑर्डर होती, नानांच्या रांगेतच काकांच्या ओल्या माल्टचा ट्रे ठेवलेला, आणि रशीदभाईंचा हात नानांवरून गुळाचं पाणी फिरवत फिरवत त्या ट्रेवरूनही फिरून गेला. लक्षात आलं तेव्हा ट्रे भट्टीत होता.

"हात कू आदत है, साब," ते म्हणाले. "चलते चलते चल गया. तुमारा जव खराब हो गया."

दाणे एकमेकांना चिकटून चिक्कीसारखे झाले होते. काकांनी सवयीनं ट्रे नाकाशी नेला, मग आठवण होऊन खाली घेतला. ते रागावले नाहीत, पण जाऊ दे, गाईला घालू, असं म्हणून बाहेर निघाले. काकू आतून आल्या, त्यांच्या हातातून ट्रे काढून घेतला आणि एक चिकटलेला गड्डा फोडून बराच वेळ हुंगत राहिल्या.

"कशाला फेकायलात?" त्या म्हणाल्या. "करून बघा की."

यापेक्षा जास्त काही बोलायला त्या तयार नव्हत्या. काकांनी खोदून खोदून विचारलं, पण काकू म्हणाल्या की धान्याचा वास निराळा, सदऱ्याचा निराळा, उगं आधीच कबूल करून मी बसणार नाही. मग ती चिक्की फोडून, काळ्या ज्वारीची जोड देऊन, बिअर आंबायला घातली. ती आंबून, बाटल्यांत मुरून तयार होईपर्यंत घरात सगळे असे वागत होते, जणू कुणाचा तरी निकाल लागायचाय. रशीदभाई रोज निरोप पाठवायचे, जव कसा आहे.

रविवारी सकाळी काकांनी पहिली बाटली उघडली. रशीदभाई चप्पल काढून दारातच उभे राहिले. आत आले नाहीत, पण गेलेही नाहीत. बिअर काळी होती, फेस छान आलेला. मला अर्धा ग्लास मिळाला आणि मला ती फार आवडली, पण माझं मत कुणी विचारलं नाही. काका ग्लास घेऊन काकूंसमोर उभे राहिले. काकूंनी पिठाचे हात पदराला पुसले. ग्लास हातात घेतला नाही, तो काकांच्याच हातात राहू दिला आणि वाकून वास घेतला. मग डोळे मिटून पुन्हा घेतला. 

"हळदीचा जरासा यायलाय," काकू म्हणाल्या. "तेवढा सोडला तर त्योच."

"नक्की?"

"नक्की म्हंजे काय," काकू म्हणाल्या. "तवा आला हुता तस्साच राग आला मला आत्ता."

काका हसले की रडले हे मला अजून सांगता येत नाही. ते दोन्ही एकदमच झालं, आणि त्या गडबडीत हातातला ग्लास हिंदकळून निम्मी बिअर अंगावर सांडली. दारातून रशीदभाईंनी विचारलं, जव कैसा निकला, आणि काकांनी नुसती मान हलवली. काकू म्हणाल्या, काढा तो सदरा.

दुसऱ्या दिवशी मी काही सांगायला गच्चीवर गेले तेव्हा दोरीवर तो सदरा होता. वाळलेला होता, धुतलेला नव्हता. काकू त्याच्याजवळ उभ्या होत्या. मी आल्या पावली खाली उतरले.